फिरत्या खुर्चीतले अंतराळ

आमचे एक स्नेही आहेत. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, वय साठीच्या घरात. त्यांना अंतराळाचे वेड आहे आणि ते वेडच आहे, असे ते स्वतःही अभिमानाने सांगतात. श्रीहरिकोटा येथे सामान्य प्रेक्षकांसाठी २०१९ साली सज्जा खुला झाला. तेव्हापासून त्यांनी तेथून तीन उड्डाणे पाहिली. चौथ्या वेळी उलटगणती मध्येच थांबली, तेव्हा सोबतच्या मंडळींना दशम्या वाटून ते चेन्नईच्या गाडीत बसले. मुलगी अमेरिकेत असल्यामुळे ह्यूस्टन, हंट्सव्हिल आणि फ्लॉरिडा या तिन्ही ठिकाणच्या वाऱ्या झालेल्या आहेत. अंतराळप्रेमींच्या मेळाव्यांना ते हजेरी लावतात, रांगेत उभे राहून अंतराळवीरांच्या स्वाक्षऱ्या घेतात आणि अंतराळप्रवासाचा अनुभव देणारे यंत्र, म्हणजे सिम्युलेटर, जेथे दिसेल तेथे त्यात शिरतात.

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांची कार्यशाळा होती. आमच्या सांगण्यावरून स्नेह्यांनाही बोलावले होते. त्यांनी दीड तास छायाचित्रे आणि चित्रफिती दाखवल्या. चहाची वेळ टळून गेली तरी कोणी उठेना. शेवटी एका शाळेचे मुख्याध्यापक उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आमच्या माजी विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेसाठी देणगी दिली आहे. त्यातून ती तीन कड्यांची फिरती खुर्ची घ्यावी, असे आमच्या संचालक मंडळाचे म्हणणे आहे. घ्यावी का?"

स्नेही म्हणाले, "डोळे मिटून घ्या."

आम्ही म्हणालो, "थांबा."

त्या दिवशी वेळ नव्हता, त्यामुळे 'थांबा' म्हणण्याची कारणे नीट सांगता आली नाहीत. ती येथे मांडतो. हा प्रश्न आता त्या एका शाळेचा राहिलेला नाही. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले. त्यानंतर शाळाशाळांतून अंतराळाविषयी कुतूहल जागे झाले आहे आणि ज्यांच्याजवळ काही विकण्यासारखे आहे त्यांनीही ते ओळखले आहे.

प्रथम ती खुर्ची पाहू. एकात एक बसवलेली तीन मोठी कडी, प्रत्येकाचा फिरण्याचा अक्ष वेगळा आणि सर्वांत आत पट्ट्यांनी जखडलेला माणूस. कडी फिरू लागली की माणूस उलटासुलटा, आडवातिडवा, कसाही गरगरतो. हंट्सव्हिलला १९८२ पासून मुलांसाठी 'स्पेस कँप' हे शिबिर चालते. तेथील छायाचित्रांमुळे ही खुर्ची जगभर पोहोचली. आता ती आपल्याकडच्या जत्रांत आणि मॉलमध्येही दिसते. तिच्याजवळच्या पाटीवर बहुधा 'अंतराळवीरांचे प्रशिक्षण' असे लिहिलेले असते.

पाटी अगदीच खोटी नाही. या खुर्चीचा पूर्वज खरोखरच प्रशिक्षणाचे यंत्र होता. अमेरिकेच्या क्लीव्हलँड शहरातील लुईस संशोधन केंद्रात एक प्रचंड वातबोगदा होता. त्याच्या पोटात असा तीन पिंजऱ्यांचा सांगाडा उभारला होता. त्याचे संक्षिप्त नाव 'मॅस्टिफ'. मर्क्युरी मोहिमेसाठी निवडलेल्या सातही अंतराळवीरांना १९६० साली त्यात बसवण्यात आले. तिन्ही अक्षांभोवती एकाच वेळी, मिनिटाला ३० फेऱ्यांपर्यंत, यान भरकटल्यासारखे त्यांना फिरवले जाई. मात्र त्यांच्या हातात एक दांडा असे. तो हलवला की पिंजऱ्यांवर बसवलेल्या नळ्यांतून नायट्रोजन वायूचे झोत सुटत. समोरच्या तबकड्या वाचायच्या, कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने फिरतो आहोत हे ओळखायचे आणि उलट दिशेने योग्य तेवढा झोत सोडून गरगरणे थांबवायचे. परीक्षा होती ती हीच. फिरणे सर्वांनाच येते, थांबवणे शिकावे लागते. जेरी कॉब या वैमानिक महिलेनेही त्याच वर्षी हे यंत्र ताब्यात आणून दाखवले होते. पुढे स्त्री म्हणून तिला अंतराळात पाठवले नाही, ती कथा वेगळी आहे.

हे संकट काल्पनिक नव्हते. १६ मार्च १९६६ रोजी जेमिनी-८ यानाचा एक झोत उघडा राहून अडकला. नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट त्यात होते. यान सेकंदाला सुमारे एक फेरी या वेगाने फिरू लागले. आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघेही शुद्ध हरपून बसले असते. आर्मस्ट्राँग यांनी नेहमीची झोतयंत्रणा बंद केली, पृथ्वीवर परतताना वापरायची वेगळी यंत्रणा सुरू केली आणि तिच्या साह्याने गरगरणे आवरले. मोहीम अर्धवट सोडून उतरावे लागले, पण दोघे जिवंत उतरले.

आता जत्रेतल्या खुर्चीकडे या. एका प्रदर्शनात आम्हीही तिच्यात बसलो. वय विसरून बसलो, हे कबूल करतो. खालचा तरुण कडे हाताने ढकलत होता. "पोट मधोमध राहते, म्हणून उलटी होत नाही," असे त्याने आम्हाला सांगितले. चाळीसएक सेकंदांनी त्याने कडे धरले. आम्ही उतरलो, चष्मा शोधला. आमच्या हातात त्या चाळीस सेकंदांत काय होते? दोन मुठी, आणि त्या मुठी धरून बसण्यासाठीच होत्या. मूळ यंत्रातून दांडा काढून टाकला आहे. तबकड्याही नाहीत. राहिले आहे ते केवळ गरगरणे. एखाद्या प्रयोगशाळेतून तराजू, मोजपात्र, नोंदवही सारे बाहेर नेऊन फक्त वास ठेवावा, तसा हा प्रकार आहे.

स्नेह्यांचे यावर म्हणणे असे, की शरीराला अनुभव तर मिळतो ना? मिळतो, पण कशाचा, हे नीट तपासले पाहिजे. सिम्युलेटरची गंमत आणि त्याची फसवणूक दोन्ही येथेच आहेत.

फ्लॉरिडात केनेडी अंतराळ केंद्राच्या पर्यटन विभागात २००७ पासून शटलच्या उड्डाणाचा अनुभव देणारे दालन आहे. बसलेल्या माणसाला कोणीतरी छातीवर रेटून आसनात दाबत आहे, असे वाटते. हे कसे साधते? दालन मागे कलते, इतकेच. पाठीवर निजलेल्या माणसाला त्याचेच वजन आसनात दाबते. बाहेरचे काही दिसत नाही, समोरच्या पडद्यावर ज्वाळा आणि आकाश धावत असते. आपल्या आतील कानात चुन्याच्या सूक्ष्म स्फटिकांचा थर असतो. तो मागे सरकला की मेंदूला खबर जाते. परंतु तो थर आपण कलल्यामुळे सरकला की पुढे वेग वाढल्यामुळे, हे त्याला सांगता येत नाही. डोळे जे सांगतील ते मेंदू खरे मानतो. गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांचा परिणाम आतून पाहणाऱ्याला वेगळा ओळखता येत नाही, हा आइनस्टाइन यांनी १९०७ साली मांडलेला विचार येथे तिकीट काढून अनुभवता येतो. मात्र कलत्या दालनाची मर्यादाही स्पष्ट आहे. तुमच्या वजनाइतकाच दाब तुम्हाला मिळेल, त्याहून जास्त नाही. खऱ्या शटलमध्ये तो तिप्पट होई. त्यासाठी लांब बाहूच्या टोकाला माणूस बसवून फिरवावे लागते. मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत असा १८ मीटर बाहूचा सेंट्रिफ्यूज आहे. गगनयानासाठी निवडलेले आपले चौघे वैमानिक २०२०-२१ मध्ये तेथेच प्रशिक्षण घेत होते. वजनाच्या आठपट बल अनुभवण्यासाठी त्या बाहूची एक फेरी किती सेकंदांत व्हायला हवी, हे अकरावीच्या विद्यार्थ्यांकडून काढून घ्या. उत्तर तीन सेकंदांच्या जवळपास येईल.

ही दालने पाहून आलेल्या मुलांना आतली युक्ती समजली, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले असे आम्ही म्हणू. पण ती कोणी सांगत नाही. सांगितली तर मजा जाईल, अशी भीती असावी. आमचा अनुभव उलटा आहे. कार्यशाळेत ही युक्ती सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एक शिक्षिका खुर्ची भिंतीला मागे कलती टेकवून, डोळे मिटून बराच वेळ बसल्या होत्या.

याहून वाईट प्रकार 'शून्य गुरुत्वाकर्षण' या पाटीचा. स्थानक ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तेथे गुरुत्वीय त्वरण सेकंदाला सेकंदामागे ८.७ मीटर आहे, म्हणजे जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के. अंतराळवीर तरंगतात ते गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे नव्हे, तर स्थानक आणि ते स्वतः बरोबरच पडत असल्यामुळे. तळाशी भोक पाडलेली पाण्याची बाटली वरच्या मजल्यावरून सोडा. पडत असेतोवर धार थांबलेली दिसेल. आमच्या मते हा प्रयोग बहुतेक 'शून्य गुरुत्व' दालनांपेक्षा प्रामाणिक आहे आणि त्याला खर्च नाही.

ह्यूस्टनच्या मोठ्या तलावात अंतराळवीर सराव करतात, तेथेही वजन नाहीसे होत नाही. पाणी सूटला वर उचलून धरते. आतला माणूस उलटा झाला तर रक्त डोक्याकडे उतरतेच. शिवाय पाणी प्रत्येक हालचालीला विरोध करते, निर्वात पोकळी करत नाही. प्रशिक्षकांना हे पक्के ठाऊक असते आणि कोणता सराव तलावात करायचा, कोणता परवलयी मार्गाने उडणाऱ्या विमानातल्या वीस-पंचवीस सेकंदांत करायचा, हे ते त्यानुसार ठरवतात. स्प्रिंगांना टांगलेली 'चंद्रावरची खुर्ची' घ्या. ती वजनाचा पाच षष्ठांश भाग उचलून धरते. मुले लांबलांब उड्या मारतात आणि चंद्रावर असेच वाटते असे समजून घरी जातात. वजन घटले तरी वस्तुमान तेवढेच राहते. म्हणून चंद्रावर धावता धावता थांबणे किंवा वळणे कठीण जाते, पायाखालची पकड कमी आणि पुढे जाण्याची ओढ मात्र पूर्वीइतकीच. अपोलोच्या चित्रफितींत ते लोक पुनःपुन्हा का पडतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे. प्रत्येक सिम्युलेटर एखादी गोष्ट खरी दाखवतो आणि बाकीच्या खोट्या. खरे काय आणि खोटे काय याची यादी जवळ असेल तर ते साधन, नसेल तर तो पाळणा.

स्नेह्यांच्या संग्रहात त्या फिरत्या खुर्चीची त्रेचाळीस छायाचित्रे आहेत, आम्ही मोजली. हंट्सव्हिलच्या दुसऱ्या एका खोलीचे मात्र एकच आहे आणि तेही हललेले. त्या खोलीत मुले टेबलांपुढे कानांवर ध्वनिग्राहक लावून बसलेली आहेत. छायाचित्रात पाहण्यासारखे काही नाही. पण त्या शिबिरातला आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग हाच. तेथे मुले यान चालवणारे आणि जमिनीवरून नियंत्रण करणारे अशा तुकड्या पाडून मोहिमेचा खेळ करतात आणि शिबिरचालक मध्येच मुद्दाम बिघाड घालतात. शिबिरावर सरसकट टीका करणे म्हणूनच अन्यायाचे होईल. डॉटी मेटकाफ-लिंडेनबर्गर लहानपणी तेथे गेली, पुढे शाळेत विज्ञान शिकवू लागली आणि २०१० साली शटलमधून अंतराळात गेली. आमचा आक्षेप आहे तो जगभर पोहोचलेल्या निवडीवर. खुर्ची सगळीकडे गेली, ती खोली तेथेच राहिली.

या खोलीचे महत्त्व कळण्यासाठी जुलै १९६९ मधल्या दोन दिवसांची गोष्ट पुरेशी आहे. अपोलो-११ निघण्यापूर्वी ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात चंद्रावर उतरण्याचा सराव चालू होता. सरावात बिघाड घालण्यासाठी एक स्वतंत्र अधिकारी असे. रिचर्ड कूस हे त्याचे नाव. त्यांनी उतरण्याच्या ऐन वेळी संगणकाची एक अनोळखी धोक्याची सूचना आत सोडली. मार्गदर्शनाची जबाबदारी सव्वीस वर्षांच्या स्टीव्ह बेल्स यांच्यावर होती. त्यांनी घाबरून मोहीम सोडून द्यायला सांगितले. सरावानंतरच्या चर्चेत कूस यांनी स्पष्ट सांगितले, की हा निर्णय चुकला, कारण यान व्यवस्थित चालले होते. उड्डाणप्रमुख जीन क्रँझ यांनी बेल्स यांना प्रत्येक सूचनेचा अभ्यास करून नियम लिहायला लावले. संगणक जाणणारे चोवीस वर्षांचे जॅक गार्मन यांनी त्या सूचनांची यादी हाताने लिहून जवळ ठेवली.

२० जुलै रोजी खरे यान उतरू लागले आणि १२०२ ही सूचना आली. एका रडारच्या कळीच्या स्थितीमुळे संगणकावर नको ते काम येऊन पडले होते, तो कमी महत्त्वाची कामे सोडून महत्त्वाची पुरी करत होता. गार्मन आणि बेल्स यांनी काही सेकंदांत 'पुढे चला' असे सांगितले. पुढे १२०१ ही सूचना आली, तेव्हाही तेच. एका सरावात केलेली चूक, तिच्यावरची परखड चर्चा आणि एक हस्तलिखित कागद, एवढ्या सामग्रीवर तो निर्णय उभा होता. या सरावात कोणीही कोणाला गरगर फिरवले नव्हते.

मेळाव्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण स्नेह्यांचा जीव तेथे जास्त रमतो. त्यांच्या वहीत अनेक स्वाक्षऱ्या आहेत, काही पैसे देऊन घेतलेल्या. या व्यापाराला इतिहास आहे. अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी उड्डाणापूर्वी शेकडो टपाल पाकिटांवर सह्या करून ठेवल्या होत्या. आपण परतलो नाही, तर ती विकून कुटुंबाचे भागावे, हा हेतू. विम्याची ती गरिबाघरची सोय पुढे बाजार झाली. आपल्या सह्या विकल्या जातात हे पाहून आर्मस्ट्राँग यांनी १९९४ पासून सही देणेच बंद केले. २००५ साली तर त्यांच्या न्हाव्याने त्यांचे केस एका संग्राहकाला तीन हजार डॉलरला विकल्याचे उघड झाले. भक्ती एवढ्या थराला गेली, की ज्याची भक्ती करायची त्याने केले काय, हा प्रश्न मागे पडतो. मेळाव्यातून परतल्यावर स्नेही 'कोण भेटले' हे तासभर सांगतात. 'काय कळले' असे विचारले, तर चिडतात.

हौस मात्र वाईट नाही. हौशी माणसे काय करू शकतात, याचा आम्हाला ठाऊक असलेला सर्वोत्तम दाखला एका शाळेतलाच आहे. इंग्लंडमधील केटरिंग गावच्या ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी भौतिकशास्त्र शिकवत. रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर यांना रेडिओचा नाद होता. फिरत्या उपग्रहाच्या संदेशाची वारंवारता तो जवळ येताना आणि दूर जाताना बदलते, हा डॉप्लर परिणाम वर्गात ऐकवावा, म्हणून दोघांनी एका साध्या रेडिओवर रशियन उपग्रह ऐकायला सुरुवात केली. मुले पाळ्या लावून वेळा टिपू लागली. १७ मार्च १९६६ रोजी, म्हणजे जेमिनी-८ गरगरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, कॉसमॉस-११२ हा उपग्रह सुटला. त्याच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कोन होता ७२ अंश. बैकोनूरहून सुटणाऱ्या उपग्रहांशी हे जुळत नव्हते. मुलांनी आणि शिक्षकांनी पुढचे उपग्रहही टिपले, त्यांचे मार्ग नकाशावर मागे ओढत नेले आणि ते रशियाच्या उत्तरेला प्लेसेत्स्कजवळ येऊन मिळाले. जगापासून लपवलेला एक प्रक्षेपण तळ शाळेतल्या रेडिओने शोधून काढला होता. सोव्हिएत सरकारने त्याचे अस्तित्व मान्य केले ते १९८३ साली. यांपैकी कोणाच्याही हाती अंतराळवीराची सही नव्हती. दांडा मात्र होता.

मुख्याध्यापकांना आम्ही पत्राने कळवले ते असे. खुर्ची घेऊच नका असे नाही, पण प्रथम ती देणगी दुसऱ्या कामी लावून पाहा. गावात परवानाधारक हॅम रेडिओचा हौशी असेल, तर त्याला शाळेत बोलवा. अंतराळ स्थानकावरून १४५.८ मेगाहर्ट्झवर संदेश येतात. स्थानक डोक्यावरून जाताना ही वारंवारता साधारण साडेतीन किलोहर्ट्झ वरखाली सरकते. ती टिपा आणि त्यावरून स्थानकाचा वेग काढा. दुसरे म्हणजे नियंत्रण कक्षाचा खेळ. त्याला सहा टेबले आणि दोन वर्गखोल्या पुरतात. एका खोलीत तीन 'अंतराळवीर', दुसरीत वीज, इंधन, प्राणवायू, मार्गदर्शन आणि संपर्क सांभाळणारे पाच जण व एक उड्डाणप्रमुख. यानाशी फक्त संपर्कवाल्याने बोलायचे. दर दोन मिनिटांनी प्रत्येकाला नव्या आकड्यांची चिठ्ठी मिळते. काही चिठ्ठ्यांत बिघाड दडवलेला असतो. उदाहरणार्थ, बॅटरीचे तापमान चढते आहे, पण प्रवाह पहिल्याइतकाच आहे. बॅटरी तापली की तापमापक बिघडला? हे कोणत्या दुसऱ्या आकड्यावरून ओळखाल? खेळ वीस मिनिटे, नंतरची चर्चा चाळीस. चर्चा गाळली तर खेळ करू नये.

स्नेह्यांना या लेखाचा कच्चा मसुदा दाखवला. दोन दिवस त्यांनी फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, "तुम्ही शास्त्रज्ञ मंडळी एक गोष्ट विसरता. मी त्या खुर्चीत बसलो नसतो, तर त्या कंटाळवाण्या खोलीत पाऊलही टाकले नसते." याला आमच्याजवळ उत्तर नाही आणि मुलांच्या बाबतीत ते खरे असण्याची शक्यता पुष्कळ आहे. मग त्यांनी खिशातून कागद काढला. खुर्ची बनवणाऱ्या कारखान्यात चौकशी केली होती. कड्यांना ब्रेक आणि बसणाऱ्याच्या हातात त्याची कळ, एवढे बसवून मिळते का? तिन्ही कड्यांना वेगवेगळी कळ द्यायची म्हणजे खर्च वाढतो, असे उत्तर आले होते.

मुख्याध्यापकांच्या शाळेत येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, नियंत्रण कक्षाचा खेळ व्हायचा आहे. बिघाडांच्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम स्नेह्यांनी मागून घेतले आहे. काल रात्रीपर्यंत एकोणचाळीस झाल्या होत्या. त्यांतल्या तीन इतक्या अवघड आहेत, की उत्तरे आम्हालाही अजून सापडलेली नाहीत.